फ्लोरेन्समधील पाच दिवस: कोणते तिकीट सार्थकी लागले आणि कोणते नाही

आपल्याकडच्या युरोप सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत फ्लोरेन्सच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. सकाळी पिसाचा कललेला मनोरा, दुपारी फ्लोरेन्सचे कॅथेड्रल बाहेरून, मग टेकडीवरच्या चौकातून शहराचे एक छायाचित्र, आणि संध्याकाळी बस पुढच्या मुक्कामाला. बारा वर्षांपूर्वी आम्हीही हे शहर असेच पाहिले होते, म्हणजे खरे तर पाहिलेच नव्हते. या ऑक्टोबरात मी आणि माझी पत्नी केवळ फ्लोरेन्ससाठी पुन्हा इटलीला गेलो आणि पाच पूर्ण दिवस तिथे राहिलो. मी बांधकाम क्षेत्रातला अभियंता, ती शाळेत चित्रकला शिकवते. त्यामुळे दगडविटा माझ्याकडे आणि रंग तिच्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली. प्रबोधनकाळातील चित्रे, शिल्पे आणि इमारती पाहण्याच्या हेतूने जाणाऱ्याने या शहरात वेळ आणि पैसा कुठे घालावा, याचा आमच्यापुरता हिशेब इथे मांडतो आहे.

हिशेबाची बेरीज आधीच सांगून टाकतो. ज्या भिंतीसाठी चित्र काढले गेले त्याच भिंतीवर ते आजही आहे, ज्या प्रश्नातून इमारत उभी राहिली तो प्रश्न त्या इमारतीत उभे राहूनच कळतो, अशा जागा फ्लोरेन्समध्ये जितक्या जवळजवळ आहेत तितक्या आम्ही दुसरीकडे कुठे पाहिल्या नाहीत. आमचे सर्वांत समाधानाचे तास अशाच जागी गेले. सर्वांत महागडे आणि चिडचिडीचे तास मात्र, ज्यांची नावे प्रत्येकाच्या तोंडी आहेत अशा संग्रहालयांत गेले, आणि त्यातला निम्मा दोष आमच्या उतावीळपणाचा होता.

रोमहून जलद रेल्वेने दीड तासात सांता मारिया नोव्हेला स्थानकावर उतरता येते, आणि तिथून जुन्या शहरातले जवळपास सगळे पायी गाठता येते. आम्ही पाच दिवसांत टॅक्सी एकदाही केली नाही. चाकांच्या बॅगा मात्र फरसबंदी रस्त्यांवर हाल खातात आणि खाऊ घालतात, हे ध्यानात ठेवून सामान बेताचे न्यावे.

पहिल्या दिवशी आम्ही घुमटावर चढलो. सांता मारिया देल फिओरे या कॅथेड्रलचा घुमट, घंटेचा मनोरा, बाप्तिस्मागृह आणि संग्रहालय यांचे मिळून एकत्रित तिकीट आम्हाला माणशी ३० युरोंना पडले. ते तीन दिवस चालते, पण घुमटावर चढण्याची वेळ आरक्षण करतानाच ठरवावी लागते आणि ती पाळावीच लागते. पायऱ्या ४६३ आहेत, उद्वाहक नाही, आणि मध्येच परत फिरणे अवघड आहे. गुडघ्यांची तक्रार असेल त्यांनी हा मोह टाळावा. ज्यांना जमेल त्यांनी बाकी काही सोडावे, पण हे सोडू नये, असे मी निःशंकपणे म्हणेन.

याचे कारण समजण्यासाठी थोडी पार्श्वभूमी लागते. कॅथेड्रलचे काम १२९६ साली आर्नोल्फो दी काम्बियो यांनी सुरू केले, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत इमारत इतकी मोठी होत गेली की मधोमध चाळीस मीटरांहून अधिक रुंदीचे एक अष्टकोनी भगदाड उरले, ज्यावर छत कसे घालायचे हे कोणालाच माहीत नव्हते. कमान किंवा घुमट बांधताना आधी खालून लाकडाचा सांगाडा उभारायचा, त्यावर दगडविटा रचायच्या आणि चुना घट्ट झाला की सांगाडा काढून घ्यायचा, ही रूढ पद्धत होती. पण एवढ्या उंचीवर एवढ्या रुंदीचा सांगाडा उभारण्याइतके लाकूड आणायचे कुठून आणि तो स्वतःच्या वजनाने वाकणार नाही याची खात्री कोण देणार? फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने सांगाड्याशिवाय घुमट बांधून दाखवतो असे सांगितले. तो मुळात सोनार होता, वास्तुविशारद म्हणून शिकलेला नव्हता. काम १४२० साली सुरू झाले आणि १४३६ साली घुमट पुरा झाला. चाळीस लाखांहून अधिक विटा त्यात आहेत.

हे सगळे मी पुस्तकांत वाचले होते. पायऱ्या चढताना जे हाताला लागते ते पुस्तकात नसते. घुमटाची कवचे दोन आहेत, एक आतले जाड आणि एक बाहेरचे पातळ, आणि जिना त्या दोहोंच्या मधल्या फटीतून जातो. जसजसे वर जावे तसतशी डावीकडची भिंत अंगावर झुकू लागते आणि उजवीकडची दूर कलते, आणि आपण इमारतीत नसून तिच्या सालीच्या आत आहोत अशी जाणीव होते. तिथे एका वळणावर गिलावा नसलेल्या विटा उघड्या दिसतात. आडव्या विटांच्या थरात ठरावीक अंतरावर एक वीट उभी लावलेली, पुढच्या थरात ती किंचित सरकलेली, आणि अशा उभ्या विटांची तिरकी रेघ पिळासारखी वर चढत गेलेली. या रचनेला तिकडे माशाच्या काट्याची रचना म्हणतात. तिचे काम साधे आहे: घुमट आत कलू लागला की ताजी लावलेली वीट चुना आळण्याआधीच घसरून खाली पडेल, पण दोन उभ्या विटांच्या चिमट्यात सापडलेल्या चार-पाच आडव्या विटा घसरत नाहीत. म्हणजे गवंड्याने प्रत्येक थर पुरा केला की तो थर स्वतःच स्वतःचा आधार होई. चाळीस वर्षे बांधकामावर उभा राहिलेलो असूनही मी त्या विटांवर हात ठेवून बराच वेळ थांबलो, तेव्हा मागच्या तरुणाने अत्यंत सभ्यपणे खाकरून मला पुढे सरकवले. विटांवर जगभरच्या प्रेमिकांनी आपापली नावे कोरून ठेवली आहेत. या बाबतीत आपणच तेवढे बदनाम आहोत हा समज तिथे गळून पडला.

जिन्याच्या मध्यावर घुमटाच्या आतल्या बाजूने एक अरुंद सज्जा लागतो. तिथून वाझारी याने १५७२ साली सुरू केलेले आणि झुक्कारी याने १५७९ साली पुरे केलेले अंतिम न्यायाचे प्रचंड चित्र अगदी हाताच्या अंतरावर येते. खालून भव्य वाटणारे राक्षस इथून पाहिले की जाडेभरडे, घाईघाईत ओढलेल्या फटकाऱ्यांचे दिसतात. पत्नीचे म्हणणे असे की हे खालून बघण्यासाठीच रंगवलेले आहे, त्यामुळे जवळून बघून नावे ठेवणे अन्यायाचे आहे. माझे म्हणणे असे की या चित्राने ब्रुनेलेस्कीच्या विटा झाकल्या गेल्या, हा मूळ अन्याय आहे. वाद अजून मिटलेला नाही.

त्याच तिकिटात येणारे कॅथेड्रलचे संग्रहालय बरेच लोक वगळतात, ही मोठी चूक आहे. बाप्तिस्मागृहाच्या बाहेर ज्या सोनेरी दरवाजापुढे दिवसभर गर्दी असते तो दरवाजा प्रतिकृती आहे. लोरेन्झो गिबर्टी याने १४२५ ते १४५२ अशी सत्तावीस वर्षे खपून केलेला मूळ दरवाजा या संग्रहालयात काचेआड आहे, आणि आम्ही गेलो तेव्हा त्याच्यासमोर आठ-दहाच माणसे होती. १९६६ च्या पुरात त्याच्या दहा फलकांपैकी पाच निखळून चिखलात पडले होते. त्या फलकांमध्ये पुढच्या आकृती जवळजवळ पूर्ण उठावाच्या आणि मागच्या क्रमाक्रमाने इतक्या पातळ होत जातात की शेवटच्या इमारती धातूवर नखाने ओढल्यासारख्या उरतात. दोन-तीन बोटांच्या जाडीत अख्ख्या रस्त्याची खोली बसवलेली आहे. त्याच मजल्यावर दोनातेल्लोची लाकडातली मेरी मॅग्डालेन आहे. हाडांवर कातडी ताणलेली, केसांनीच अंग झाकलेली ही म्हातारी बघून पत्नी म्हणाली की आता आज आणखी काही बघायला नको, आणि आम्ही खरोखरच थांबलो. त्याच इमारतीत मायकेलअँजेलोने स्वतःच्या कबरीसाठी घडवायला घेतलेले आणि मग स्वतःच हातोड्याने फोडलेले पिएता, म्हणजे मृत ख्रिस्ताला सावरून धरल्याचे शिल्प, आहे. त्याला दुसऱ्या दिवशी वेगळा वेळ दिला. बाप्तिस्मागृहाच्या छतावरच्या मोझेइकचे जतनकाम चालू असल्याने तिथे मचाण उभे होते, त्यामुळे त्याविषयी मत देत नाही.

याच दरवाजांच्या गोष्टीचे पहिले प्रकरण बार्जेल्लो या संग्रहालयात आहे, आणि ते बघितल्याशिवाय दरवाजा अर्धाच कळतो. १४०१ साली बाप्तिस्मागृहाच्या आधीच्या एका दरवाजासाठी स्पर्धा झाली, विषय होता अब्राहम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघतो तो प्रसंग. गिबर्टी आणि ब्रुनेलेस्की या दोघांचे नमुने आज तिथे शेजारी शेजारी टांगलेले आहेत. ब्रुनेलेस्कीचा देवदूत अब्राहमचे मनगट प्रत्यक्ष पकडतो, सुरी मुलाच्या गळ्याला टेकलेली आहे. प्रसंग म्हणून हा नमुना अधिक अंगावर येणारा आहे. गिबर्टीचा नमुना अधिक शांत, आणि बहुतांश एकसंध ओतलेला असल्याने वजनाला हलका, म्हणजे कांस्य कमी लागणारा. काम देणारा संघ व्यापाऱ्यांचा होता. गिबर्टीला काम मिळाले, यात मला तरी आश्चर्य वाटले नाही. कंत्राटे आजही अशीच सुटतात. हरलेला ब्रुनेलेस्की पुढे घुमटाकडे वळला, ही फ्लोरेन्सची कमाई.

सान मार्को या मठासाठी आम्ही सकाळचे दोन तास ठेवले होते, ते चार झाले. हा मठ दुपारी दोनच्या आधीच बंद होत असल्याने इथे सकाळी पहिल्या वेळेलाच जावे. फ्लोरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेडिची घराण्यातल्या थोरल्या कोसिमोच्या पैशातून, मिकेलोझ्झोच्या आराखड्यानुसार तो १४३७ नंतर नव्याने बांधला गेला, आणि तिथलाच साधू असलेल्या फ्रा अँजेलिको याने आपल्या मदतनिसांसह वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीत एकेक भित्तिचित्र काढले. जिना चढताना समोरच्या भिंतीवर मेरीला देवदूताने येशूच्या जन्माची वार्ता दिल्याचे चित्र येते, आणि चित्राखाली लिहिले आहे की या प्रतिमेसमोरून जाताना प्रार्थना म्हणायला विसरू नका. हे चित्र येणाऱ्याजाणाऱ्याशी रोज बोलत होते, हे त्या एका ओळीवरून कळते.

खोल्या लहान आहेत. एक छोटी खिडकी, पांढरा चुना, आणि खिडकीशेजारी कमानीच्या आकारात चित्र, बस्स. पलंग आणि पेटी वगळता साधूच्या सोबतीला तेवढेच असणार. सातव्या खोलीतले चित्र मी विसरू शकणार नाही. डोळ्यांवर पट्टी बांधलेला ख्रिस्त बसलेला आहे आणि त्याच्याभोवती नुसते हात तरंगत आहेत: एक हात थप्पड मारणारा, एकाने काठी धरलेली, एक नुसते डोके थुंकणारे आणि त्याच वेळी कुचेष्टेने टोपी उचलणारे. त्यांना धड नाही, शरीर नाही. पट्टीमागच्या माणसाला फक्त फटके कळतात, मारणारा दिसत नाही, आणि चित्रकाराने बघणाऱ्यालाही नेमके तेवढेच दाखवले आहे. आज हे चित्र एखाद्या आधुनिक दालनात टांगले असते तरी कोणी भुवई उंचावली नसती, आणि ते साधारण १४४० च्या सुमारास एका साधूच्या झोपायच्या खोलीत काढलेले आहे. पत्नीने भिंतीजवळ वाकून गिलाव्यातला एक पुसट सांधा दाखवला. ओल्या गिलाव्यावर रंग लावायचा तर एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा लिंपायचा असतो, त्यामुळे अशा सांध्यांवरून चित्रकाराने कोणता भाग किती दिवसांत केला ते मोजता येते. त्यानंतर प्रत्येक चर्चमध्ये आम्ही आधी सांधे शोधू लागलो. रखवालदारांनी आमच्याकडे संशयाने पाहिले, पण हटकले नाही. ज्या साव्होनारोला नावाच्या साधूने चैनीच्या वस्तूंची होळी पेटवली आणि ज्याला १४९८ साली सिन्योरिया चौकात फाशी देऊन जाळले, त्याची खोलीही याच मजल्याच्या टोकाला आहे.

नदीपलीकडच्या सांता मारिया देल कार्मिने चर्चमधली ब्रांकाच्ची प्रार्थनाशाला ही त्याच जातीची जागा. इथे वेळेचे आरक्षण लागते आणि आत अर्धा तास मिळतो, तो पुरतो. इथली चित्रे काढणारा मसाच्चो सत्ताविशीच्या आत वारला, पण इथल्या त्याच्या भिंतींवर शिकण्यासाठी पुढच्या पिढ्यांतले चित्रकार येत राहिले. नंदनवनातून ॲडमबरोबर हाकललेली ईव्ह तोंड उघडून रडते आहे, सुंदर दिसण्याचा जराही प्रयत्न न करता. नंतरच्या काळात कोणीतरी लाजेखातर या दोघांच्या अंगावर पाने रंगवली होती, ती १९८० च्या दशकातल्या जतनकामात काढली गेली. मला जास्त आवडले ते वेगळेच: चित्रातल्या माणसांच्या सावल्या खोलीतल्या खऱ्या खिडकीकडून प्रकाश यावा तशा पडल्या आहेत. हे संग्रहालयात हलवलेल्या चित्रात कधीच दिसणार नाही.

आता उफ्फिझी हे चित्रसंग्रहालय. उफ्फिझी म्हणजे शब्दशः कचेऱ्या. मेडिची घराण्यातलाच नंतरचा ड्यूक पहिला कोसिमो याच्या कारभारासाठी वाझारीने १५६० पासून बांधलेली ही इमारत. आमची पहिली भेट आम्ही एका मार्गदर्शित फेरीतून केली, जी संकेतस्थळावरून माणशी ६८ युरो भरून घेतली होती. रांग टाळून प्रवेश आणि दहा जणांचा गट, असे दोन्ही कबूल केलेले होते. प्रत्यक्षात गट बावीस जणांचा निघाला, दरवाजाबाहेर पन्नास मिनिटे उभे राहावे लागले, आणि कानात घालायला दिलेल्या यंत्रातून मार्गदर्शक बाईंच्या आवाजाऐवजी मुख्यतः खरखर ऐकू आली. त्या बाई अभ्यासू होत्या, पण नव्वद मिनिटांत एवढ्या मोठ्या गटाला पळवायचे म्हटल्यावर त्या तरी काय करणार? आम्ही तक्रार केली, तेव्हा उत्तरादाखल पुढच्या फेरीवर दहा टक्के सवलतीचे कूपन आले. अशा मध्यस्थांकडून तिकीट घेण्याआधी गटाची संख्या लेखी मिळते का ते पाहावे, आणि शक्यतो संग्रहालयाचे स्वतःचे तिकीट घेऊन जावे. चौथ्या दिवशी आम्ही तेच केले. तिकीट २५ युरो आणि आगाऊ आरक्षणाचे ४, आणि हवा तेवढा वेळ आत. सोमवारी उफ्फिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये बंद असतात, हे वार ठरवताना लक्षात ठेवावे.

दुसऱ्या भेटीत उफ्फिझीने सगळे देऊन टाकले. बॉटिचेल्लीच्या दालनात ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘वसंत’ यांच्यापुढे हात उंचावलेल्या फोनांची भिंत असते. सकाळी दरवाजा उघडताच थेट तिथे जावे किंवा अखेरच्या तासात जावे. आम्ही मात्र रमलो पिएरो देल्ला फ्रान्चेस्काच्या जोडचित्रापुढे. उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको आणि त्याची पत्नी बात्तिस्ता एकमेकांकडे तोंड करून, अगदी कडेने रंगवलेले आहेत. ड्यूकचा उजवा डोळा युद्धाच्या खेळात गेला होता म्हणून त्याची डावी बाजूच दाखवली आहे, आणि नाकाच्या मुळाशी एक खाच आहे ती चित्रकाराने लपवलेली नाही. बात्तिस्ता १४७२ साली वारली. तिच्या चेहऱ्यावर मेणासारखा फिकटपणा आहे आणि ती गेल्यानंतर हे चित्र झाले असावे असे मानतात. जोडचित्राच्या मागच्या बाजूलाही चित्रे आहेत, आणि ते मधोमध ठेवलेले असल्याने मागे फिरून बघता येते. फार थोडे लोक मागे जातात.

हा सगळा संग्रह फ्लोरेन्समध्येच टिकला त्याचे श्रेय एका बाईंना आहे. मेडिची घराण्याच्या शेवटच्या वारसदार आन्ना मारिया लुईझा यांनी १७३७ साली करार करून संग्रह राज्याच्या स्वाधीन केला तो या अटीवर, की यातली एकही वस्तू फ्लोरेन्सबाहेर जाता कामा नये. आणि राज्याची शोभा व लोकांचा उपयोग यांच्या जोडीने परक्या प्रवाशांचे कुतूहल जागवणे हाही हेतू त्यात लिहून ठेवला. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी आमच्यासारख्यांची सोय कोणी करून ठेवली होती, हे वाचून पन्नास मिनिटांच्या रांगेचा राग थोडा निवळला.

अकादेमियात मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ हा पुतळा आहे, पाच मीटरांहून उंच, आणि तो तितकाच चांगला आहे जितका सांगतात. पण तिथल्या गर्दीत त्याच्याकडे बघण्यापेक्षा लोकांची डोकी बघावी लागतात. त्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोने अर्धवट सोडलेले कैदी उभे आहेत, ज्यांच्या अंगावर छिन्नीच्या दातांचे ओरखडे तसेच आहेत. ते आम्ही निवांत पाहिले, कारण तिथे कोणी थांबत नव्हते. वेळ कमी असेल तर सिन्योरिया चौकातली डेव्हिडची प्रतिकृती बघून, शेजारच्या लोज्जियात, म्हणजे उघड्या ओसरीत, चेल्लिनीचा पर्सियसचा पुतळा फुकट बघून पुढे जावे, असे माझे मत आहे. पत्नीला ते मान्य नाही.

ब्रुनेलेस्कीच्याच हातचे अनाथालय, ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती, अकादेमियापासून पाच मिनिटांवर आहे आणि दुपारीही ओस असते. १४१९ साली सुरू झालेल्या त्याच्या दर्शनी ओसरीत बारीक खांबांवर अर्धवर्तुळाकार कमानी आहेत. खांबाची उंची, दोन खांबांमधले अंतर आणि ओसरीची खोली सारखीच, त्यामुळे प्रत्येक कमानीमागची जागा एक घन होते. मी टेपाशिवाय पावलांनी मोजून पाहिले, जवळपास जुळले. कमानींच्या वर निळ्या गोलांमध्ये कापडात गुंडाळलेली पांढरी बाळे आहेत, ती आंद्रेआ देल्ला रोब्बिया याची. आतल्या संग्रहालयात लहान लहान खणांत, मुलांना सोडून देताना आयांनी त्यांच्यासोबत ठेवलेल्या खुणा मांडल्या आहेत: अर्धे तोडलेले पदक, मणी, एखादी अंगठी. दुसरा अर्धा तुकडा आईकडे राहायचा, म्हणजे कधी परत येता आले तर मूल ओळखता येईल. बहुतेक खणांत एकच अर्धा आहे.

जेवणाविषयी थोडक्यात. शाकाहारी माणसाची फ्लोरेन्समध्ये अडचण होत नाही, फक्त विचारून घ्यावे लागते. शिळ्या पावात पांढरा घेवडा आणि काळसर कोबी शिजवून केलेली रिबोल्लिता, आणि टोमॅटोत पाव शिजवून केलेली पाप्पा अल पोमोदोरो, हे दोन्ही पदार्थ पोटभरीचे आहेत. मात्र कुठे कुठे त्यात मांसाचा रस्सा घालतात आणि चीज बनवताना प्राणिज विरजण वापरलेले असू शकते. इथल्या पावात मीठ नसते, पहिल्या घासाला तो बिघडल्यासारखा वाटतो, रश्शाबरोबर मग त्याचा हेतू कळतो. टेबलावर बसण्याचा माणशी दोन-तीन युरो आकार बिलात वेगळा लावतात, ती फसवणूक नव्हे. कॉफी मात्र उभ्याने प्यावी; बसलो की दर वाढतो. उतरलो होतो ते निवासस्थान चौथ्या मजल्यावर होते आणि जाहिरातीतला उद्वाहक तिसऱ्या मजल्यापर्यंतच जात होता, पण खिडकीतून घुमट दिसत असल्याने आम्ही तो विषय वाढवला नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही कुठल्याही यादीत नसलेल्या ठिकाणी गेलो. आर्नोच्या काठाने शहराच्या पश्चिमेला काशिने नावाचे लांबच लांब उद्यान आहे. ट्रॅम त्याच्या तोंडाशी सोडते आणि पुढे सुमारे तीन किलोमीटर झाडांमधून चालावे लागते. उद्यान संपते तिथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडचा प्रवास करून परतताना फ्लोरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला वारले. वय अवघे वीस. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. बरोबरच्या लोकांनी नद्यांचा संगम शोधला आणि याच जागी त्यांना अग्नी दिला. चार वर्षांनी तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला. छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. इथले लोक या जागेला नुसते ‘इंदियानो’ म्हणतात, आणि १९७० च्या दशकात शेजारी बांधलेल्या पुलालाही तेच नाव पडले आहे.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. तिथे तिकीट नव्हते, रांग नव्हती, एक म्हातारे गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते आणि वरून पुलावरच्या गाड्यांची घरघर येत होती. छत्रीच्या कमानी मी सवयीने निरखून पाहिल्या. पत्नीने पर्समधून सुपारीची पुडी काढली आणि पायरीवर ठेवली, मग स्वच्छतेचा विचार करून पुन्हा उचलून घेतली. अंधार पडण्याच्या आत तीन किलोमीटर परत चालायचे होते, त्यामुळे फार थांबता आले नाही. ज्यांना जायचे असेल त्यांनी सकाळीच निघावे आणि पाणी बरोबर ठेवावे, कारण संगमापाशी आम्हाला दुकान दिसले नाही.